गाळातलं दार

“मग देव त्या गाळात राहतो का, बाबा?”

विनयनं हे जरा जोरातच विचारलं. विचारल्यावर त्याला वाटलं, आवाज खाली ठेवायला हवा होता. पण शब्द तोंडातून गेले होते.

पाळकबाबा ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले, टरफल बाजूला सारलं. मग दुसरी घेतली.

“मी तुम्हाला विचारतोय.”

“ऐकलं मी.”

“मग?”

“मला ठाऊक नाही,” बाबा म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे वळले.

शांतवन पारखे हे त्यांचं नाव. पण साऱ्या मंडळीत त्या नावानं त्यांना कोणी हाक मारत नसे. कोळेवडीच्या ख्रिस्ती मंडळीचे ते जन्मभर पाळक होते. लग्नं त्यांनी लावली, लेकरांना बाप्तिस्मे त्यांनी दिले, माणसं मातीत त्यांनी ठेवली. आता गुडघे धरले होते, नजर मंद झाली होती, म्हणून त्यांच्या जागी विनय भिंगारदिवे आला होता. पुण्यात वाढलेला, पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत पहिला आलेला, बोलायला उभा राहिला की माणसं ऐकत राहावीत असा. वरिष्ठांनी त्याला बजावलं होतं की पहिलं वर्ष बाबांच्या हाताखाली काढ. त्यानं ते मान्य केलं होतं. पण या म्हाताऱ्याकडून शिकण्यासारखं आता काही उरलेलं नाही, असं त्याला मनातून वाटे.

कोळेवडी म्हणजे नवी कोळेवडी. जुनी धरणाच्या पाण्याखाली गेली होती. गावाबरोबर देऊळही गेलं. काळ्या दगडाचं, कौलारू. इकडची ख्रिस्ती माणसं आपल्या प्रार्थनेच्या घराला देऊळच म्हणतात. नव्या गावात उपासनेसाठी पत्र्याची शेड उभी राहिली, ती आजतागायत शेडच राहिली. उन्हाळ्यात तापायची, पावसाळ्यात एवढी वाजायची की उपदेश ऐकू येत नसे.

कधीतरी एखाद्या वर्षी पाऊस दगा देई आणि धरण आटे. मग दूरवर, भेगाळलेल्या गाळाच्या मैदानात, त्या देवळाच्या भिंती वर यायच्या.

यंदा त्या वर आल्या होत्या.

मंडळी खुळावल्यासारखी झाली. उपासना संपली की माणसं उन्हातान्हात तिकडं चालत निघायची. बायका भिंतीला हात लावून रडायच्या. कोणी दगडाचा टवका आणून घरात खिडकीशी ठेवला. विनयनं हे सगळं पाहिलं, आणि पुढच्या रविवारी तो त्यावरच बोलला. चांगलं बोलला. देव भिंतीत मावत नाही, म्हणाला. खऱ्या भक्ताला ना डोंगर लागतो ना देऊळ. जो गाळात देव शोधतो त्यानं आपली श्रद्धा एकदा तपासून बघावी.

माणसांनी खाली मान घालून ऐकलं.

त्यानंतर शेडमधल्या चटया रिकाम्या दिसू लागल्या.

हे त्यानं सहन केलं असतं. पण काल लेआबाईंच्या घरी जे झालं, ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

लेआबाई साळवे मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. पाय गेले होते, खाटेवरच असायच्या. जे देवळात येऊ शकत नाहीत त्यांना पाळकानं घरी जाऊन प्रभुभोजन द्यायचं, ही रीत. विनय प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेऊन गेला. प्रार्थना केली. भाकरीचा तुकडा पुढं धरला.

लेआबाईंनी तोंड मिटून घेतलं.

“आजी, घ्या.”

“इथं नको.”

“मग शेडमध्ये आणू का तुम्हाला? बाजेवर घालून आणू.”

“शेडात न्हाई. देवळात द्या.”

“देऊळ कुठं आहे आता?”

“वर आलंय म्हणतात...”

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. विनय तुकडा हातात धरून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या हातची भाकर नाकारली होती, आणि तीही दगडधोंड्यांसाठी.

तेच आता तो बाबांना सांगत होता.

“ही मूर्तिपूजाच झाली, बाबा. फक्त मूर्ती नाही, एवढंच. मी त्यांना तिथं नेऊन प्रभुभोजन देणार नाही. आज त्यांना दिलं तर उद्या सगळे मागतील.”

“देऊ नकोस.”

विनयला हे अपेक्षित नव्हतं. तो थांबला.

“तुम्हालाही पटतंय ना?”

“तू सांगितलंस ना तिला, देव तिथं नाही म्हणून?”

“सांगितलं. दोनदा सांगितलं.”

“ऐकलं तिनं?”

“नाही.”

बाबांनी मांडीवरची टरफलं झटकली. भिंतीला धरून हळूहळू उभे राहिले.

“इथून सांगितलंस म्हणून ऐकलं नसेल. तिथं ने तिला... आणि तिथं उभं राहून सांग.”

विनय हसला. थट्टा असेल असं त्याला वाटलं. पण बाबा हसत नव्हते. ते कोनाड्यातली काठी शोधत होते.

*

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायला लागल्यावर ते निघाले. लेआबाईंचा पुतण्या शमुवेल यानं बैलगाडी जुंपली, गाडीत गोधडी अंथरली. लेआबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. डोक्यावरचा पदर त्या सारख्या नीट करत होत्या.

विनयनं भाकर घेतली नव्हती, प्याला घेतला नव्हता. द्यायचंच नव्हतं तर न्यायचं कशाला. काय बोलायचं ते मात्र त्यानं मनात नीट जुळवून ठेवलं होतं. थोडक्यात सांगायचं, प्रेमानं सांगायचं, पण सांगायचं.

धरणाच्या काठाशी गाडी थांबली. पुढं गाळ. वरून वाळून भेगाळलेला, आतून ओला. चाकं रुतली असती.

“आता?” शमुवेल म्हणाला.

बैलांना सोडून त्याला यायला जमणार नव्हतं. बाबांना स्वतःचाच तोल सांभाळणं अवघड. दोघांनी विनयकडे पाहिलं.

विनयनं चपला काढून गाडीत ठेवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो गाडीला पाठ करून खाली बसला. शमुवेलनं लेआबाईंना उचलून त्याच्या पाठीवर दिलं. म्हातारीनं त्याच्या गळ्याभोवती हात घातले. वाळलेल्या काटकीसारखे हात. तरी उचलल्यावर त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ओझं जास्त लागलं.

“सावकाश, साहेब,” त्या म्हणाल्या.

“घट्ट धरा, आजी.”

तो चालू लागला. मागून बाबांच्या काठीचा आवाज येत होता, गाळात काठी टेकवल्याचा, उपसल्याचा.

समोर जुनं गाव पसरलं होतं. म्हणजे गावाचं जे उरलं होतं ते. जोत्यांचे दगड, अर्ध्या भिंती, मधूनच एखादं उखळ. त्या सगळ्याच्या पलीकडे, एका बाजूला, देवळाच्या काळ्या भिंती. विनयनं सरळ वाट धरली. जोत्यांच्या दोन ओळी, मधून रस्ता असावा तशी मोकळी जागा होती.

पाठीवर हालचाल झाली.

“हितनं नको.”

“काय झालं?”

“बाहेरनं घ्या. वड्याच्या कडंनं.”

“ओढा कुठं राहिलाय, आजी? हे जवळ आहे. तिकडून फार लांब पडेल.”

“ही गावातली वाट हाय, साहेब. आमची वाट न्हाई ही.”

विनय थांबला. घाम त्याच्या डोळ्यांत उतरला होता, पण पुसायला हात मोकळे नव्हते. तिनं काय म्हटलं ते त्याला कळायला क्षणभर वेळ लागला. शिकताना त्यानं हे सगळं वाचलं होतं. गावकुसाबाहेरच्या वस्त्या, आपली माणसं कुठून आली, कशी आली. परीक्षेत त्यावर लिहिलंही होतं. पण ती वाट त्याच्या पायाखाली कधी आली नव्हती.

“आजी,” तो हळू आवाजात म्हणाला, “आता गावच राहिलं नाही.”

“मला ठाऊक हाय गाव न्हाई ते... माझ्या पायांना ठाऊक न्हाई.”

“पाय तर माझे आहेत.”

त्याच्या कानाशी तिचा श्वास तेवढा येत होता.

“मग जा,” ती म्हणाली.

तो गावात शिरला. डाव्या हाताला एक मोठं जोतं गेलं, एक पार गेला, बुंधा कापलेला. पुढं गावदेवाच्या देवळाच्या दगडी पायरीपाशी गाळात अर्धी बुडालेली दीपमाळ होती. विनयला एकदम जाणवलं की म्हातारीनं आपलं तोंड त्याच्या खांद्यात खुपसलंय. लहान लेकरू खुपसतं तसं. तिचा पदर त्याच्या मानेवर आला होता.

तो भरभर चालू लागला. भरभर चालणं शक्य नव्हतं, तरी.

“झालं का?” खांद्यातूनच तिनं विचारलं.

“काय?”

“गाव.”

“झालं, आजी.”

तेव्हा तिनं डोकं वर केलं.

*

देऊळ जवळ आल्यावर कळलं की ते लांबून दिसत होतं त्यापेक्षा मोठं आहे. छप्पर केव्हाच गेलं होतं. कौलांचा खच गाळात मिसळला होता. भिंती मात्र ताठ होत्या. त्यांच्यावर पाण्याच्या रेघा उमटल्या होत्या, वर्षावर्षांच्या.

आणि दाराची दगडी चौकट जागेवर होती.

विनयनं लेआबाईंना भिंतीच्या सावलीत उतरवलं. गोधडी गाडीतच राहिली होती, म्हणून खांद्यावरचा पंचा अंथरला. तिनं हात लांबवून दगडाला लावला. रडली नाही. दगड ओळखीचा आहे की नाही हे बघावं तशी तिनं बोटं फिरवली.

बाबा उशिरा येऊन पोचले. धापा टाकत होते. ते तिच्या शेजारी बसले.

“चला, आजी, आत नेतो तुम्हाला,” विनय म्हणाला. आत गेल्यावर बोलायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

तो पुन्हा पाठमोरा बसणार, तेवढ्यात लेआबाई म्हणाल्या, “दार कुठाय?”

“हे काय, समोर.”

“हे दार न्हाई.”

विनयनं वळून पाहिलं. चौकट होती, वरचा तुळईचा दगड होता. पण इतक्या वर्षांचा गाळ साचून दार निम्मं बुजलं होतं. उरलं होतं ते माणसाच्या कमरेच्या जरा वर. आत जायचं तर चांगलं वाकून, जवळजवळ रांगत जावं लागणार होतं. भिंती सगळ्या अजून उंच होत्या. दुसरीकडून वाट नव्हती. आतापर्यंत मंडळी आली ती वाकूनच आत गेली असणार.

“गाळ भरलाय. मी आधी आत जातो, मग तुम्हाला धरून आत ओढून घेतो. थोडं वाकायचं फक्त.”

“न्हाई.”

“आजी, जरासंच.”

“वाकून न्हाई जायची.”

विनयला राग आला. पाठ दुखत होती, पाय चिखलानं माखले होते, आणि ज्या देवळासाठी ही बाई प्रभूची भाकर नाकारते त्या देवळाच्या दारात येऊन हिचा हट्ट संपत नव्हता.

“देवापुढं वाकायलाच हवं ना, आजी?”

लेआबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पडदा आलेला होता, पण नजर त्याच्यावर नीट येऊन टेकली.

“देवापुढं रोज वाकते, लेकरा. दारापुढं न्हाई वाकायची.”

साहेबाचं लेकरू कधी झालं, हे विनयच्या लक्षातही आलं नाही.

ती बोलत राहिली. थांबत थांबत, श्वास घेत.

“माझी आई हितं दगड वाहायला होती. मी झोळीत, त्या लिंबाखाली... आता लिंब न्हाई. जन्मभर ती ज्या दारात गेली तिथं वाकूनच गेली. पाटलाच्या दारात वाकून. वाण्याच्या दारात पायरीखाली उभी. गावातल्या देवळाचा तर तिनं लांबनं कळस बघितला. हे देऊळ बांधून झालं तवा, आई सांगायची, सगळी आत निघाली. आई दारात आली आन वाकली. सवयच ती. तर माझा बाप मागनं म्हणाला, वाकू नको गं. हे दार आम्ही उंच केलंय...”

दूर काठावर शमुवेलचे बैल ठिपक्यांसारखे दिसत होते.

“आमच्या माणसांनीच गवंड्याला सांगितलं होतं,” लेआबाई म्हणाल्या. “बाकी काय बी करा. दार उंच करा.”

विनय बाबांकडे वळला.

“बाबा, तुम्ही सांगा त्यांना. काळजी वाटते म्हणून म्हणतोय मी. त्यांना उभं राहता येत नाही. ताठ जायचं म्हटलं तर कसं जमणार?”

बाबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली होती.

“तू सांग,” ते म्हणाले. “सांगायलाच आला आहेस.”

विनय दारासमोर उभा राहिला. वाक्यं सगळी तयार होती. देव भिंतीत मावत नाही. ते खरंच होतं, आताही खरं होतं. त्यानं तोंड उघडलं. मग त्या निम्म्या दाराकडे पाहिलं. मग मागं बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं, जिनं थोड्या वेळापूर्वी गावातून येताना त्याच्या खांद्यात तोंड लपवलं होतं.

त्यानं तोंड मिटलं.

सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि तो गुडघ्यांवर बसला.

वरचा थर कडक होता. त्याचे पोपडे हातानं निघाले. खाली गाळ घट्ट आणि काळा, चिकट. त्यात बोटं शिरेनात. त्यानं एक फुटकं कौल शोधून आणलं आणि खरवडायला सुरुवात केली. कौल तुटलं. दुसरं आणलं. गाळाला कुबट वास होता, शिंपल्यांचा, कुजक्या पाल्याचा. ओंजळीनं तो बाहेर टाकत होता. सुरुवातीला त्यानं कपडे सांभाळले, मग सांभाळेनासा झाला.

मध्येच त्यानं मागं वळून पाहिलं. बाबा आणि लेआबाई दोघंही शांत बसले होते. त्याला घाई करायला कोणी सांगत नव्हतं, थांबायलाही सांगत नव्हतं.

नखाखाली खडा घुसला, रक्त आलं. त्यानं बोट चोखलं, गाळाची चव जिभेवर आली. थुंकला आणि पुन्हा खरवडू लागला.

आपण काय करतोय, हा विचार त्याच्या मनात एकदा आला. यंदा पाऊस पडला की हे सगळं पुन्हा पाण्याखाली जाणार. पुन्हा बुजणार. एका म्हातारीला एकदा आत जाता यावं म्हणून... पण हात थांबले नाहीत. विचार आला आणि गेला.

उन्हं भिंतीवरून खाली सरकली.

कौल कशावर तरी खटकन आदळलं. त्यानं हातानं चाचपलं. सपाट दगड. कडेनं घासून गुळगुळीत झालेला, मधे जरा खोलगट. उंबरा. किती पायांनी तो झिजवला असेल.

त्यानं उंबरा पूर्ण मोकळा केला. आतून-बाहेरून गाळ कापून उतार केला, पाय टेकता येईल असा. मग उभा राहून पाहिलं. स्वतः दारातून गेला. तुळईचा दगड त्याच्या डोक्याच्या चांगला वर होता.

तो बाहेर आला.

“चला, आजी.”

या वेळी तो पाठमोरा बसला नाही. तिच्या बगलेत हात घालून त्यानं तिला उभं केलं. दुसऱ्या बाजूनं बाबांनी धरलं. तिघंही लटपटत होते. लेआबाईंचे पाय जमिनीला लागत होते एवढंच, वजन सगळं विनयच्या हातांवर होतं. पण पाठ तिनं ताठ केली होती. कशी केली, तिचं तिला ठाऊक. चौकटीपाशी आल्यावर तिनं एक हात सोडवून घेतला, पदर नीट केला आणि दगडाला धरलं.

उंबऱ्यावर ती थांबली. वर पाहिलं. तुळईचा दगड उंच होता.

मग आत गेली.

*

आत आकाश होतं आणि गाळ. वेदीच्या जागेवर दगडांचा ढीग. एका कोपऱ्यात कुठल्याशा पाणपक्ष्यानं घरटं केलेलं. तिला भिंतीला टेकवून बसवलं. ती हात जोडून, डोळे मिटून बसली. ओठ हलत नव्हते. विनय तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते.

बराच वेळ गेला.

मग लेआबाईंनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड जरासं उघडलं. भाकरीसाठी.

विनयनं हात मांडीवर ठेवले.

“आजी... मी आणलं नाही.”

“काय?”

“भाकर, प्याला. काहीच आणलं नाही.”

“इसरलात?”

तो हो म्हणू शकला असता. सोपं होतं. बाबा पलीकडे भिंतीशी उभे होते, त्यांनी मान वर केली नाही.

“विसरलो नाही. द्यायचंच नव्हतं मला इथं.”

लेआबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर त्याच्या हातांवर गेली. तिथंच थोडा वेळ राहिली.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “उद्या घरी द्या.”

“घरी?”

“आत आले ना मी. आता कुठं बी चालंल.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाटेवरच प्रभुभोजन घेतलं. त्या साली पाऊस उशिरा आला, पण आला तेव्हा धरण भरलं, भिंती बुडाल्या, मोकळं केलेलं दारही बुडालं. लेआबाई त्यानंतर थंडीत गेल्या. त्यांना मातीत ठेवलं ते विनयनं. पण हे सगळं पुढचं.

त्या संध्याकाळी तो तिला पाठीवर घेऊन परत निघाला तेव्हा ती निम्म्या वाटेत झोपली. डोकं त्याच्या मानेवर कललं होतं. जुन्या गावापाशी आल्यावर विनय थांबला. समोर सरळ रस्ता होता, काठ दिसत होता, गाडी दिसत होती. पाय भरून आले होते.

तो वळला आणि बाहेरच्या अंगानं, ओढा होता त्या कडेनं चालू लागला. ती वाट लांबची होती, खाली-वर होती, दगडांची होती. मागून काठीचा आवाज तेवढा येत राहिला.

काठाशी शमुवेलनं म्हातारीला उतरवून घेतलं आणि गाडीत गोधडीवर निजवलं. तिला जाग आली नाही. धरणाचं उरलेलं पाणी तिथं जवळच होतं, संध्याकाळच्या उजेडात स्थिर पसरलेलं. विनय पाण्यापर्यंत गेला. बाबाही मागोमाग गेले, काठीवर रेलून उभे राहिले.

“बाबा.”

“हं.”

“मी तिथं बोललोच नाही. जे सांगायला नेलं होतं ते.”

बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

“जे बोलणार होतो ते खोटं नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग?” विनयनं विचारलं. “मग तिथं देव होता का, बाबा? त्या गाळात? की ती... की आपण तिथं...”

तो खाली बसला आणि हात पाण्यात घालायला वाकला. गाळ वाळत आला होता. बोटांच्या पेरांत, नखांत, मनगटाच्या केसांत पांढुरका पडत चालला होता.

बाबांनी काठीचं टोक पुढं करून त्याचा हात अडवला. पाण्याला लागण्याआधीच.

“इतक्यात धुऊ नकोस.”